विश्लेषण : तीन पत्ती येते, मग पोकरमध्ये का हरतो? नवख्यांसाठी नियम, गणित आणि कायदा

गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून तयार झालेला माणूस पहिल्यांदा पोकर खेळायला बसला की एक प्रसंग हमखास घडतो. त्याच्याकडे पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी असा सिक्वेन्स जमतो. समोरचा पाच बदाम दाखवतो. आपला माणूस खुशीत चिप्स ओढायला हात पुढे करतो आणि बाकीचे हसू लागतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो.

हा नियम कोणी लहर आली म्हणून उलटा केलेला नाही. त्यामागे साधे गणित आहे, आणि ते गणित समजले की पोकर अर्धा समजतो. उरलेला अर्धा म्हणजे कधी थांबायचे हे ओळखणे. पोकर कसा खेळतात, नवखे कुठे चुकतात आणि पैसे लावून खेळण्याबाबत कायदा काय म्हणतो, याचा हा आढावा.

पोकर म्हणजे नेमके काय?

पोकर हे एका खेळाचे नव्हे तर खेळांच्या कुटुंबाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या बोटींतून तो पसरला. आज जगभर सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’. लास व्हेगासमध्ये १९७०पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धाही याच प्रकारात होते. २००३ साली ती स्पर्धा ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने जिंकली. पेशाने अकाउंटंट असलेला मनीमेकर एका स्वस्त ऑनलाइन पात्रता फेरीतून तिथे पोहोचला होता आणि २५ लाख डॉलर घेऊन परतला. त्यानंतर ‘आपल्यालाही जमेल’ असे वाटून जगभरातले लाखो लोक या खेळाकडे वळले.

होल्डेममध्ये प्रत्येकाला फक्त दोन पत्ते मिळतात. टेबलाच्या मधोमध पाच पत्ते उघडे मांडले जातात आणि ते सगळ्यांचे असतात. हातातले दोन आणि मधले पाच अशा सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वात भारी, तो डाव जिंकतो. किंवा बाकीचे सगळे पॅक झाले तर उरलेला एकटा जिंकतो, मग त्याच्या हातात काहीही असो.

डाव कसा चालतो?

टेबलावर एक ‘डीलर बटन’ असते आणि ते प्रत्येक डावाला डावीकडे सरकते. बटनाच्या डावीकडचा खेळाडू ‘स्मॉल ब्लाइंड’ आणि त्याच्या पुढचा ‘बिग ब्लाइंड’ भरतो. इथे तीन पत्तीवाल्यांचा हमखास गोंधळ होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल देणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीने टाकायची रक्कम. तीन पत्तीतल्या ‘बूट’चा तो चुलतभाऊ म्हणा, फक्त तो दोघांनीच भरायचा असतो. पत्ते तर प्रत्येक जण बघूनच खेळतो.

पुढे चार फेऱ्या होतात :

- प्री-फ्लॉप : हातात दोन पत्ते, पहिली बोली.
- फ्लॉप : मध्ये एकदम तीन पत्ते उघडतात, दुसरी बोली.
- टर्न : चौथा पत्ता, तिसरी बोली.
- रिव्हर : पाचवा पत्ता, शेवटची बोली आणि मग शो.

प्रत्येक फेरीत आपल्यासमोर मोजकेच पर्याय असतात. कोणी बोली लावली नसेल तर ‘चेक’, म्हणजे काही न टाकता पुढे सरकणे, किंवा ‘बेट’, म्हणजे बोली लावणे. कोणी लावली असेल तर ‘कॉल’, म्हणजे तेवढेच टाकणे, ‘रेज’, म्हणजे वाढवणे, किंवा ‘फोल्ड’, म्हणजे पॅक होणे. समोर आहे ते सगळे लावले की ‘ऑल-इन’.

शिष्टाचाराच्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकाव्यात. आपली पाळी येण्याआधी पत्ते टाकू नयेत, कारण त्यामुळे पुढच्यांना फुकटची माहिती मिळते. आणि आधी कॉलइतक्या चिप्स टाकून, समोरच्याचा चेहरा बघून मग ‘आणि वरून इतके’ असे म्हणायचे नाही. सिनेमात ते झकास दिसते, खऱ्या टेबलावर चालत नाही.

कोणता हात कोणावर भारी?

५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे एकूण २५,९८,९६० वेगवेगळे संच होतात. कोणता प्रकार त्यात किती वेळा सापडतो, त्यावरून ही उतरंड ठरली आहे. सर्वात भारी हात सर्वात वर :

१. रॉयल फ्लश : एकाच जातीचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का – फक्त ४ संच
२. स्ट्रेट फ्लश : एकाच जातीचे सलग पाच पत्ते – ३६
३. फोर ऑफ अ काइंड : चार राजे, चार अठ्ठ्या वगैरे – ६२४
४. फुल हाउस : तीन सारखे आणि एक जोडी – ३,७४४
५. फ्लश : एकाच जातीचे कोणतेही पाच, म्हणजे आपला कलर – ५,१०८
६. स्ट्रेट : वेगवेगळ्या जातींचे सलग पाच, म्हणजे आपला सिक्वेन्स – १०,२००
७. थ्री ऑफ अ काइंड : तीन सारखे – ५४,९१२
८. टू पेअर : दोन जोड्या – १,२३,५५२
९. पेअर : एक जोडी – १०,९८,२४०
१०. हाय कार्ड : यांतले काहीच नाही – १३,०२,५४०

म्हणजे पाच पत्ते उचलले तर निम्म्या वेळा हातात साधी जोडीही नसते. होल्डेममध्ये सातांतून पाच निवडायचे असल्याने चांगले हात यापेक्षा जास्त वेळा जमतात, पण उतरंड हीच राहते.

दोघांकडे सारखीच जोडी असेल तर उरलेल्या पत्त्यांतला मोठा पत्ता निकाल लावतो. त्याला ‘किकर’ म्हणतात. एक्का-राजा विरुद्ध एक्का-सत्ती असा सामना असेल आणि मध्ये एक्का आला, तर दोघांचीही एक्क्यांची जोडी झाली, पण राजावाला पुढे. सत्तीवाल्याला हे बहुतेक वेळा शोनंतरच कळते. नवख्यांच्या चिप्स सर्वात जास्त इथेच जातात. इस्पिक मोठा की बदाम, हा प्रश्न मात्र होल्डेममध्ये येत नाही. चारही जाती सारख्या, आणि हात तंतोतंत बरोबरीचे असतील तर पॉट वाटून घेतात.

कलर वर आणि सिक्वेन्स खाली का?

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. तीन पत्तीत एकूण २२,१०० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून भारी. पत्ते तीनाचे पाच झाले की पारडे फिरते. कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. आता कलर दुर्मीळ, म्हणून तो भारी. पाचही पत्ते एकाच जातीचे येणे सलग पाच येण्यापेक्षा कठीण असते.

गंमत म्हणजे आपली तीन पत्ती स्वतः हा नियम पूर्ण पाळत नाही. तिथे ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, सर्वात वर असतो. ट्रेलचे ५२ संच होतात आणि प्युअर सिक्वेन्सचे ४८. गणिताने प्युअर सिक्वेन्स वर हवा, पण परंपरेपुढे गणिताचे काही चालले नाही. आणखी एक फरक : तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री हा सिक्वेन्स बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाचा मानतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सर्वात लहान सिक्वेन्स असतो.

कोणते दोन पत्ते खेळायचे?

दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. जाती सोडून फक्त प्रकार मोजले तर १६९. त्यांतले बहुतेक प्रकार पॅक करण्याच्या लायकीचे असतात, आणि हे नवख्याला पटायला वेळ लागतो. तो पत्ते खेळायला बसलेला असतो, टाकायला नाही.

हातात कोणतीही जोडी येण्याची शक्यता १७त एक. दोन एक्के येण्याची २२१त एक. एक्का-राजा हा देखणा हात आहे, पण फ्लॉपवर त्याला जोडी मिळत नाही असे साधारण तीनपैकी दोन वेळा होते. दोन एक्केसुद्धा एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, म्हणजे १५ टक्के वेळा हरतात. टेबलावर माणसे वाढली की ही शक्यता आणखी घसरते.

सुरुवातीला सोपा नियम ठेवावा : मोठ्या जोड्या, एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम, आणि एकाच जातीची राजा-राणी यांसारखी चित्रे खेळावीत, बाकी टाकून द्यावेत. आठ-नऊ जणांच्या टेबलावर पाच डावांपैकी एखादाच खेळला, तर आपण घाबरट ठरत नाही.

बसायची जागाही तितकीच महत्त्वाची. फ्लॉपनंतर डीलर बटनवाला शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केले ते पाहून त्याला ठरवता येते. त्यामुळे जो हात पहिल्या जागेवरून टाकायचा, तोच बटनावरून खेळता येतो.

पुढे जायचे की पॅक? चिंचोक्यांचे गणित

एक डाव बघू. चार मित्र, प्रत्येकाकडे १०० चिंचोके. ब्लाइंड १ आणि २. बटन तुमच्याकडे आहे आणि हातात बदामची दश्शी-नव्वी. तुमच्या आधीचा मित्र पॅक झाला. तुम्ही ६ केले, स्मॉल ब्लाइंड पॅक, बिग ब्लाइंडने कॉल केले. पॉटमध्ये ६ + ६ + १ = १३ चिंचोके.

फ्लॉप : इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, बदामची चव्वी. तुमचे चार बदाम झाले, एक हवा. दोघांनीही चेक केले. टर्नला चौकटची दुर्री आली आणि समोरच्याने ७ लावले.

बदाम १३ असतात. चार तुम्हाला दिसत आहेत, म्हणजे ९ बाकी. हे तुमचे ‘आउट्स’. न दिसलेले पत्ते ४६. रिव्हरला बदाम येण्याची शक्यता ४६त ९, म्हणजे साधारण १९.६ टक्के. तोंडी हिशेबासाठी आउट्सना २ने गुणावे : १८ टक्के, जवळपास बरोबर. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर ४ने गुणावे.

आता किंमत बघा. पॉट १३ + ७ = २०. तुम्ही ७ टाकलेत तर एकूण २७. त्यातले ७ तुमचे, म्हणजे जवळपास २६ टक्के. जिंकण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आत आणि किंमत २६ टक्के. सौदा तोट्याचा, पॅक व्हा. त्याने ७ऐवजी २च लावले असते तर? पॉट १५, तुमचे २, एकूण १७. किंमत १२ टक्क्यांच्या आत. तेव्हा कॉल करणे बरोबर.

पत्ते तेच, शक्यता तीच, फक्त भाव बदलला आणि निर्णय उलटा झाला. बदाम आल्यावर रिव्हरला आणखी किती चिंचोके मिळतील, हा हिशेब त्यापुढचा. आधी हा पक्का करावा. अनेक नवखे ‘मन सांगतंय बदाम येणार’ म्हणून ७ टाकतात. पाचांतून एकदा तो येतोही, आणि तेवढाच लक्षात राहतो.

ब्लफ म्हणजे फक्त थाप नव्हे

लहानपणी ‘चॅलेंज’ खेळलेल्या कोणालाही ब्लफ शिकवावा लागत नाही. ‘तीन राण्या’ म्हणत दोन दुर्र्या आणि एक सत्ती सरकवण्याचा अनुभव आपल्या सगळ्यांकडे आहे. पोकरमधला ब्लफ मात्र भावावर चालतो. पॉटमध्ये १० चिंचोके असताना तुम्ही १०चा ब्लफ लावला, तर समोरचा निम्म्याहून जास्त वेळा पॅक झाला तरच फायदा. ५च लावले तर तीनपैकी एकदाहून जास्त वेळा पॅक होणे पुरेसे. त्यामुळे प्रत्येक डावात कॉल करणाऱ्या माणसासमोर ब्लफ करणे म्हणजे चिंचोके दान करणे. घरगुती टेबलावर असा एक काका असतोच.

नशीब की कौशल्य?

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत १९४४ साली गेम थिअरीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात पोकर आणि ब्लफचे विश्लेषण केले होते. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. २०१९मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवले. नुसत्या नशिबाच्या खेळात संगणक असा सरस ठरला नसता. कौशल्य आहेच.

पण लिब्रेटसचा तो सामना १,२०,००० डावांचा होता. नशिबाचे चढउतार पुसून कौशल्य दिसायला इतके डाव खेळवावे लागले. मित्रांसोबत एका रात्रीत जेमतेम शंभरेक डाव होतात. म्हणजे दीर्घकाळात पोकर कौशल्याचा आणि आज रात्रीपुरता बराचसा नशिबाचा. पहिल्या रात्री जिंकलेल्याला आपण हुशार वाटतो तो याच कारणाने.

आपल्या न्यायालयांतही यावर एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३मध्ये ऑनलाइन रमी आणि पोकरला कौशल्याचे खेळ म्हटले.

पैसे लावून खेळता येतो का?

ऑनलाइनपुरता हा वाद संसदेने २०२५मध्ये बाजूला सारला. ‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा’ २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळवला जाणारा ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसते खेळणाऱ्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. कायद्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

पैसे न भरता आणि रोख बक्षिसाची अपेक्षा न ठेवता खेळले जाणारे खेळ या बंदीत येत नाहीत. म्हणजे खोट्या चिप्सवर सराव करता येतो. मात्र ‘खात्यात पैसे भरा, परदेशी सर्व्हर आहे, काही होत नाही’ असे टेलिग्रामवर सांगणाऱ्यापासून लांब राहावे. पैसे बुडाले तर दाद मागायला समोर कोणी नसते.

प्रत्यक्ष टेबलावरच्या खेळाला राज्यांचे कायदे लागू होतात. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंध कायदा आहे. जुगाराचा अड्डा चालवणे आणि तिथे खेळताना सापडणे, दोन्ही गुन्हे आहेत. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, पण पोकरबाबत न्यायालयेच विभागलेली असताना त्या सुटीवर विसंबणे धोक्याचे. राज्याचा १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३मध्ये तो रद्दही झाला. शेजारच्या गोव्यात मात्र परवानाधारक कॅसिनो आहेत.

हरतो कसा, हे आधी शिका

कॅसिनोत पोकर खेळताना तुम्ही कॅसिनोविरुद्ध नाही, एकमेकांविरुद्ध खेळता. पण चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढतो. त्याला ‘रेक’ म्हणतात. समजा, सहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले. रात्रभरात सरासरी २०० रुपयांचे १०० पॉट झाले आणि रेक ५ टक्के असेल, तर हजार रुपये टेबलावरून उठून गेले. सहा जणांतल्या एकाची अख्खी रक्कम, एकही पत्ता न खेळणाऱ्याच्या खिशात. अशा टेबलावर सरासरीइतका चांगला खेळणाराही हरतो.

दुसरा शत्रू आपणच. चांगला हात हरल्यावर डोके गरम होते आणि माणूस काहीही खेळू लागतो. पोकरमध्ये याला ‘टिल्ट’ म्हणतात. आमच्या इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर वर उल्लेखलेले सगळे गणित तोंडपाठ असलेला एक मित्र होता. प्रोबॅबिलिटीच्या पेपरला तो आम्हाला शिकवायचा. एका रात्री त्याचे दोन राजे हरले. ते पैसे ‘परत मिळवण्यासाठी’ तो महिनाभर ऑनलाइन खेळत राहिला आणि शेवटी घरून आलेली परीक्षेची फी त्यात गेली. फी आम्ही वर्गणी काढून भरली. त्याला गणित येत नव्हते असे नाही. फक्त रात्री दोन वाजता ते कोणी वापरत नाही.

खेळ हाताबाहेर जातोय असे स्वतःबद्दल किंवा घरातल्या कोणाबद्दल वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या हेल्पलाइनवर मोफत बोलता येते.

सुरुवात कशी करावी?

पत्त्यांचा एक कॅट, चार-पाच माणसे आणि वाटीभर चिंचोके एवढे पुरे. शेंगदाणे घेऊ नका, रिव्हर येईपर्यंत संपतात. पहिले वीस डाव सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवून खेळा, म्हणजे कोण का जिंकला हे दिसेल. मग पत्ते झाकून खेळा आणि प्रत्येक कॉलच्या आधी दोनच आकडे मनात मोजा : माझे आउट्स किती आणि मला भाव काय पडतोय.

संपताना किती चिंचोके जिंकले ते मोजू नका. किती वेळा पॅक व्हायला हवे होते आणि झालो नाही, तेवढे मोजा. दर बैठकीला तो आकडा कमी होत गेला, तर पोकर यायला लागला असे समजा.